कागदाची पाठ

टोपण काढलं की आधी वास येतो.
तोच, कापसाच्या बोळ्याचा,
सुई टोचायच्या आधी दंडावर गार लागून उडून जाणारा.
एकतीस वर्षं मिरजेच्या दवाखान्यात बोटांना होता,
निवृत्तीनंतर मार्करमधून परत येईल असं वाटलं नव्हतं.
खालच्या गल्लीत शकूरभाई सतारीच्या भोपळ्याला पॉलिश चढवतात,
लाख विरघळवून, स्पिरिटमध्येच.
म्हणजे आमच्या गावात
जखम, सतार आणि माझं शुभेच्छापत्र
एकाच बाटलीतून निघतं.

शिक्का मारताना हात डुगडुगला
तर मुलीला दोन नाकं येतात.
झारी घेतलेली मुलगी, रबराची,
भाचीनं पुण्याहून पाठवलेली.
शाई हिला वेगळी लागते.
साध्या शाईवर मार्कर फिरवला की रेघ रडते,
काजळ पसरल्यासारखी.
तीन मुली नासवल्या तेव्हा शिकले.

सुरुवात फिकटापासून. मग गडद, कडेकडेनं.
मग परत फिकट,
ओलं आहे तोवरच दोघांची हद्द मोडायची.
एकदा वाळलं की कितीही घासा,
सांधा दिसतोच.

संचात कातडीचे म्हणून चार रंग,
चौघंही कधी उन्हात न गेलेले.
मी विटकरी घेते, त्यावर मातकट,
आणि गालावर शेवटी पिवळ्याचा एक पुसटसा हात,
सांगलीच्या पेठेत दिवसभर हळद निवडणाऱ्या
बाईच्या मनगटावर राहतो तेवढाच.
आता ही एस्तेरसारखी दिसते.
एस्तेर पाटोळे, स्टाफ नर्स, वॉर्ड नंबर चार.

बावीस वर्षांमागच्या एका रात्री
चार्टवरच्या आकड्यातला ठिपका राहून गेला.
दीडचे पंधरा झाले.
पेशंट वाचला, सकाळी चहासुद्धा प्यायला,
पण चौकशी झाली. अक्षर कुणाचं?
आम्ही दोघी मेट्रनसमोर उभ्या,
आणि मी फरशीकडे बघत राहिले.
पुरे होतं तेवढं.
मेमो एस्तेरच्या नावानं निघाला.
तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं,
ट्रे उचलला आणि ड्रेसिंगला गेली.

नंतर ती तासगावला राहायला गेली.
दर नाताळला तिचं कार्ड येतं, छापील, खाली नुसती सही.
माझंही जातं, छापील, खाली नुसती सही.

एक मार्कर बिनरंगाचा असतो.
चुकून बाहेर गेलेला रंग तो पुसत नाही,
नुसता आत ढकलतो, कुणाच्या लक्षात येणार नाही असा.
ह्याला मी चांगली ओळखते.

झारीतलं पाणी रंगवायचं नाही, कागद तसाच सोडायचा.
डोळ्यात मात्र अगदी शेवटी
पांढऱ्या जेल पेनानं एक ठिपका.
तो नसला तर मुलगी आंधळी दिसते.
ठिपका दिला. दोन्ही डोळ्यांत.
चष्मा लावून पुन्हा पाहिलं, आहे.

मग कागद उलटला.
मागे सगळं उतरलं होतं.
रेघ एकही नाही, नाक नाही, झारी नाही,
फक्त रंग,
जिथं मी जास्त वेळ थांबले तिथं जास्त गडद.
हे लपवायचंच असतं,
चारी बाजूंनी डिंक लावून जाड कार्डावर बसवायचं,
पाठ कुणाला दिसू नये.

मी डिंक एकाच कडेला लावला.
उचललं तर उचलेल, दारासारखं.
आत, त्या उतरलेल्या रंगावर, बॉलपेननं,
चार्टवर लिहायचे त्याच अक्षरात,
लिहिलं, एस्तेर, ते अक्षर माझं होतं.

नाताळला अजून पाच आठवडे आहेत.
पाकीट जरा जाड झालंय,
पोस्टात वजन करून घ्यायला हवं.